भौतिकशास्त्र संघटनेची स्थानिक शाखा: उद्घाटनाआधीची आणि नंतरची कामं, क्रमाने

नवी शाखा काढायची ठरली की पहिला फोन हमखास प्रमुख पाहुण्यांना जातो. दुसरा फ्लेक्सवाल्याला. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, फोटो असं सगळं थाटात होतं आणि दुसऱ्या वर्षी त्या शाखेचं पावतीपुस्तक नेमकं कुणाच्या कपाटात आहे, हेही कुणाला सांगता येत नाही. क्रम चुकतो म्हणून हे होतं. सभासद, परवानगी, कार्यकारिणी, खातं आणि कॅलेंडर ही कामं या क्रमाने झाली की मग कार्यक्रम. उद्घाटन करायचंच असेल तर पहिल्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला पाच मिनिटांत उरका.

खालच्या पायऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणची शाखा डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. दोन-तीन वरिष्ठ महाविद्यालयं, दहा-बारा कनिष्ठ महाविद्यालयं आणि एकमेकांना लग्नकार्यात भेटणारे शिक्षक, असं ते चित्र.

पायरी १: कुणाची शाखा, हे आधी ठरवा

आपल्याकडे प्रामुख्याने दोन संघटनांचा विचार होतो. इंडियन फिजिक्स असोसिएशन १९७० साली सुरू झाली, तिचं मुख्यालय मुंबईत आहे आणि तिच्या स्थानिक शाखांना चॅप्टर म्हणतात. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स म्हणजे आयएपीटी १९८४ची, तिची रचना रीजनल कौन्सिलची आहे. पहिलीचा कल संशोधकांकडे, दुसरीचा शिक्षकांकडे. तुमच्या गावात संशोधन संस्था नसेल आणि इच्छुकांपैकी बहुतेक जण अकरावी-बारावी किंवा बीएस्सीला शिकवणारे असतील, तर दुसरीकडे बघा. दोन्हींचं सभासदत्व घ्यायला कुणाची हरकत नसते, पण दोन्हींच्या शाखा एकाच वेळी चालवायच्या फंदात पडू नका.

संघटना ठरली की तिची घटना मिळवा आणि शाखांविषयीची कलमं स्वतः वाचा. शाखा काढायला किती सभासद लागतात, मान्यता कोण देतं, शाखेला स्वतंत्र खातं उघडता येतं का, वर्गणीतला किती वाटा शाखेला मिळतो, निवडणूक किती वर्षांनी होते, या पाच प्रश्नांची उत्तरं कलम क्रमांकासह एका कागदावर उतरवून ठेवा. ‘मागच्यांनी असंच केलं होतं’ हे उत्तर धरायचं नाही.

सावधान: उत्साहाच्या भरात शाखेची वेगळी नोंदणी करून बसू नका. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण एकत्र आले की संस्था नोंदता येते, हे खरं. पण महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही जाते. मग पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यायचं. ते राहून गेलं की पुढची माणसं आधीच्यांचे फेरफार निस्तरण्यात वर्ष घालवतात. शाखा ही मूळ संस्थेचाच भाग आहे. तिला मूळ संस्थेचं मान्यतापत्र पुरतं.

पायरी २: सभासद मोजा, ओळखी मोजू नका

व्हॉट्सअॅप गटात एकशे चाळीस जण असतात आणि प्रत्यक्ष वर्गणी भरलेले अकरा. गटातल्या संख्येवर शाखेचं गणित मांडलं की पहिल्याच सभेत गणपूर्ती होत नाही.

एक साधी वही घ्या आणि रकाने पाडा: नाव, कॉलेज, सभासद क्रमांक, आजीव की वार्षिक, वार्षिक असल्यास मुदत कधी संपते, मोबाइल. सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा असेल तर ती व्यक्ती हितचिंतक. तिला चहा द्या, खुर्ची द्या, मत देऊ नका.

सभासद वाढवायला पत्रक वाटून काही होत नाही. एका कॉलेजात एक माणूस पकडा आणि त्यालाच बाकीच्यांचे फॉर्म आणायला सांगा. स्टाफरूममध्ये दुपारच्या डब्याच्या वेळी जा, फॉर्म बरोबर न्या आणि तिथेच भरून घ्या. ‘नंतर पाठवतो’ म्हणालेला फॉर्म येत नाही. कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांकडे आधी जा. त्यांना कुणी बोलावत नाही, आणि एकदा आले की तेच टिकतात. प्रयोगशाळा साहाय्यकांना विसरू नका. मतदानाच्या हक्काचं काय ते घटना ठरवेल, पण कार्यक्रमाच्या दिवशी ऑसिलोस्कोपची प्रोब कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, हे त्यांनाच माहीत असतं.

तपासा: किमान तीन वेगवेगळ्या संस्थांमधले सभासद आहेत का? सगळे एकाच कॉलेजचे असतील तर लोक त्या शाखेला त्या विभागाचं मंडळच समजतात. विभागप्रमुख निवृत्त झाले की तीही निवृत्त होते.

पायरी ३: कार्यकारिणी लहान ठेवा

अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि तीन-चार सदस्य, एवढं बास. एकवीस जणांच्या कार्यकारिणीत कुणाचं मन दुखत नाही, आणि कुणी कामही करत नाही.

अध्यक्ष असा निवडा की प्राचार्यांना फोन केला तर सभागृह मिळेल. सचिव असा निवडा की ज्याला उत्तर लिहिण्याची सवय आहे. खजिनदार आणि सचिव एकाच कॉलेजचे नसावेत. अविश्वासाचा प्रश्न नाही, पण एकाच विभागात बसणाऱ्यांचा हिशेब तोंडी होतो आणि तोंडी हिशेब मार्चमध्ये जुळत नाही. सहसचिव मात्र पहिल्या दिवसापासून हवा, आणि त्याला खरं काम हवं. निदान इतिवृत्त लिहिणं त्याच्याकडे द्या.

इतिवृत्त म्हणजे निबंध नव्हे. तारीख, ठिकाण, हजर सभासदांच्या सह्या, विषय, ठराव, सूचक, अनुमोदक. ठरावाची भाषा अशी हवी की बँकेतल्या अनोळखी माणसाला वाचून कळेल. ‘खात्याबाबत चर्चा झाली’ हा ठराव नाही. ‘अमुक बँकेच्या अमुक शाखेत बचत खाते उघडावे, अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार व्हावेत’ हा ठराव.

पायरी ४: पैसा

शाखा बंद पडण्याचं हे सर्वांत मोठं कारण, आणि रक्कम बहुतेक वेळा चार-पाच हजारांचीच असते.

खातं कधीही वैयक्तिक नावाने नको. सचिवाच्या मोबाइलचा क्यूआर कोड नोंदणी टेबलावर चिकटवणं ही आजची सर्वांत सर्रास चूक. पैसे त्याच्या पगाराच्या खात्यात जातात, त्यात घराचा हप्ता, किराणा आणि शाखेची वर्गणी एक होऊन जातात, आणि पुढे तो माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याला ते सिद्ध करत बसावं लागतं. मूळ संस्थेचं मान्यतापत्र, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, घटनेची प्रत, संस्थेचा पॅन आणि तुमचा ठराव घेऊन बँकेत जा. आधी फोन करून केवायसीची यादी मागून घ्या, म्हणजे तीन फेऱ्या वाचतील. मूळ संस्था स्वतंत्र खात्याला परवानगी देत नसेल तर तिच्याच खात्यातून खर्च मागवा. उशीर लागतो, पण रात्री झोप लागते.

रोजच्या व्यवहाराला चार गोष्टी पुरतात: क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक, व्हाउचर, कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि बिलांची फाइल. प्रत्येक रुपया आत येताना पावती, बाहेर जाताना व्हाउचर. रिक्षाला बिल मिळत नाही, म्हणून व्हाउचरवर कुठून कुठे, कशासाठी ते लिहा आणि पैसे घेणाऱ्याची सही घ्या. बिल मिळत नाही म्हणून ओळखीच्या स्टेशनरीवाल्याकडून ‘अॅडजस्ट’ करून आणू नका. नव्वद रुपयांच्या रिक्षापायी अख्खा हिशेब खोटा ठरतो.

देणगी घेताना जास्त काळजी घ्या. करसवलतीची, म्हणजे ८०जीची पावती शाखा आपल्या पावतीपुस्तकातून देऊ शकत नाही. मूळ संस्थेकडे ती मान्यता असेल तर पावती तिच्याच नावाची हवी. देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन त्याच दिवशी लिहून घ्या आणि मूळ संस्थेला कळवा, कारण वर्ष संपल्यावर तिला देणग्यांचं विवरण द्यावं लागतं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधी सांगा. नंतर सांगितलंत तर तो पुढच्या वर्षी दार उघडणार नाही.

तपासा: दर महिन्याच्या पाच तारखेला बँक स्टेटमेंट आणि कीर्द शेजारी ठेवून शिल्लक जुळवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ३१ मार्चला एकदम करायला गेलात तर एक रविवार जातो, तोही घरच्यांचा.

पायरी ५: वर्षाचं कॅलेंडर

मोकळी तारीख शोधायची तर आधी सगळ्या अडलेल्या तारखांवर काट मारा.

जून-जुलैत प्रवेशांची धावपळ असते. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, आणि कोकणाशी नातं असलेले निम्मे सभासद तेव्हा गावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा आणि दिवाळी. जानेवारीच्या शेवटापासून बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी, सुपरव्हिजन आणि पेपर तपासणी. एवढं खोडल्यावर हाती उरतो तो जुलैचा शेवटचा आठवडा, गणपतीनंतरचे दोन-तीन शनिवार, आणि डिसेंबर ते मकर संक्रांत. मेतला एक अपवाद (तो पुढे दिलाय) सोडला तर यातच वर्षाचे चार कार्यक्रम बसवा. चार पुरेत. बाराचं कॅलेंडर छापून तीन करण्यापेक्षा चार छापून चार करा.

आता २८ फेब्रुवारीबद्दल. राष्ट्रीय विज्ञान दिन आहे, रमण परिणामाची घोषणा १९२८ साली याच दिवशी झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणूनच तो दिवस टाळा. बारावीची परीक्षा चालू असते, प्रत्येक शाळेचा स्वतःचा कार्यक्रम असतो, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा खुला दिवस आणि खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणचं प्रदर्शन याच सुमारास असतं. चांगला वक्ता त्या दिवशी मिळत नाही, आणि मिळाला तर तो तिसरं भाषण देत असतो. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी तुमचा विज्ञान दिन करा. रमणांची हरकत नसावी.

एनएसईपी ही फिजिक्स ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा आयएपीटी घेते, साधारण नोव्हेंबरच्या अखेरीच्या एका रविवारी. तिच्यातून निवडलेले विद्यार्थी पुढे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या टप्प्याकडे जातात. शाखेचं काम इतकंच, की तालुक्याच्या मुलाला परीक्षेसाठी शंभर किलोमीटर जावं लागू नये. केंद्र आणि विद्यार्थी यांच्या नोंदणीकडे ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा. दिवाळीत आठवण झाली तर गाडी सुटलेली असते.

पायरी ६: एक कार्यक्रम, मागून पुढे

कार्यक्रमाची तयारी तारखेपासून उलट मोजत करा.

*सहा आठवडे आधी* वक्त्याला लिहा. फोन नंतर, ईमेल आधी. त्यात श्रोते कोण (अकरावी की एमएस्सी), भाषा कुठली, वेळ किती आणि प्रवासखर्च कोण देणार, या चारही गोष्टी लिहा. ‘मानधनाचं बघू’ असं लिहू नका. पाचशे असतील तर पाचशे लिहा, नसतील तर नाही म्हणून लिहा. विषय वक्त्यावर सोडला की ‘भौतिकशास्त्रातील नव्या दिशा’ असं काहीतरी येतं आणि मुलं मोबाइल काढतात. प्रश्नाच्या रूपात विषय मागा, उदाहरणार्थ ‘मोबाइलला उत्तर दिशा कशी कळते?’

*चार आठवडे आधी* सभागृहाचं पत्र प्राचार्यांच्या सहीशिक्क्यासह हातात हवं. तोंडी होकारावर कार्यक्रम ठेवला आणि त्याच दिवशी तिथे दुसऱ्या विभागाची तोंडी परीक्षा निघाली, हे आमच्या बाबतीत एकदा घडलंय. शंभर मुलं व्हरांड्यात आणि वक्ते स्टोअररूममध्ये.

*एक आठवडा आधी* पडदा, प्रोजेक्टर, केबल आणि वक्त्याच्या लॅपटॉपचं तोंड जुळतं का ते बघा. एचडीएमआयचं अडॅप्टर शाखेच्या पैशाने विकत घेऊन ठेवा आणि त्यावर खोडता न येणाऱ्या शाईने शाखेचं नाव घाला. तरी ते हरवेल, पण निदान कुणाकडे सापडलं ते कळेल.

*आदल्या दिवशी* प्रयोगाची रंगीत तालीम. समजा तांब्याच्या नळीतून चुंबक सोडून लेन्झचा नियम (हलत्या चुंबकामुळे नळीत निर्माण होणारा विद्युतप्रवाह त्या हालचालीलाच विरोध करतो) दाखवायचा आहे. मीटरभर लांब नळी घ्या. तिचा आतला व्यास निओडिमियम चुंबकापेक्षा एक-दोन मिलिमीटरच जास्त हवा. नळी रुंद असली तर चुंबक भसकन खाली येतो आणि प्रयोग पडतो. आधी त्याच आकाराचा साधा पितळी तुकडा सोडा, तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो. मग चुंबक सोडा, तो काही सेकंद रेंगाळत उतरतो. हाच क्रम ठेवा. चुंबक आधी सोडलात तर मुलांना वाटतं, तो नळीतच अडकत असेल. नळी उभी धरायला एका मुलाला पुढे बोलवा आणि दुसऱ्याला वरून आत डोकावायला सांगा. सभागृहात ‘ओ’ तिथे उठतो, स्लाइडवर नाही.

सावधान: लेसर वापरणार असाल तर बाजारातल्या स्वस्त हिरव्या पॉइंटरच्या लेबलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, प्रत्यक्ष शक्ती बरीच जास्त असू शकते. झोत डोळ्यांच्या उंचीवर नको आणि चकचकीत पृष्ठभागावर नको. पॉइंटर स्टँडला बांधा, मुलांच्या हातात देऊ नका.

*त्या दिवशी* स्वागत, परिचय, मनोगत आणि आभार मिळून दहा मिनिटं. वक्त्याला पन्नास. प्रश्नांना निदान वीस, आणि पहिला प्रश्न प्राध्यापकांचा नको. एखाद्या ज्येष्ठ सरांनी प्रश्नाच्या नावाखाली भाषण सुरू केलं की बाकीची मुलं गप्प बसतात. आधीच दोन मुलींना आणि दोन मुलांना चिठ्ठीवर प्रश्न लिहून ठेवायला सांगा. पहिला प्रश्न आला की बाकीचे आपोआप येतात.

वक्त्याचा प्रवासखर्च पाकिटात, व्हाउचर तयार, सही तिथेच. ‘नंतर जीपे करतो’ म्हणायचं नाही.

एक उदाहरण: शून्य सावली दिवस

मे महिन्यात खर्च जवळजवळ शून्य आणि गर्दी भरपूर, असा हा एकच कार्यक्रम. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावावरून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावरून जातो. कोल्हापूर-सांगलीकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४च्या आसपास, मुंबईत १५-१६, नागपूरला २६च्या सुमारास. दुसरी फेरी जुलै-ऑगस्टात येते, तेव्हा वर ढग असतात. म्हणून मेचीच धरा.

पहिल्या वर्षी आम्ही, म्हणजे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनीच, पत्रिकेत ‘दुपारी १२ वाजता’ छापलं. बाराला मैदानावर मुलं जमली, काठ्या उभ्या केल्या, आणि सावली होतीच. सव्वाबाराला उन्हाने हैराण होऊन पालक मुलांना घेऊन निघाले. सावली गेली ती त्यानंतर, आणि बघायला आम्ही तिघे आणि आइस्क्रीमवाला.

चूक साधी होती. घड्याळातली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची असते. सांगली साधारण ७४.६ अंशांवर, म्हणजे ७.९ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य सुमारे ३२ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेच्या सुरुवातीला कालसमीकरणाची, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतल्या फरकाची, साडेतीन मिनिटं वजा करायची. आली वेळ १२ वाजून २८ मिनिटं. बाराच्या ठोक्याला सूर्य माथ्यापासून जवळजवळ पावणेसात अंश दूर असतो आणि ३० सेंटिमीटरच्या काठीची सावली सुमारे साडेतीन सेंटिमीटर पडते. उलट तारीख एका दिवसाने चुकली तर फरक दीड मिलिमीटरचाही नसतो. म्हणजे तारखेपेक्षा मिनिटाला जपा.

मुलांना बाराला बोलवा, पण काम द्या: दर चार मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण. काठी ओळंब्याने उभी करा, नजरेने नाही. सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, हे सुरुवातीला आणि मध्ये पुन्हा सांगा. पाणी, टोप्या आणि सव्वाबारा ते पाऊण यांत उभं राहायला एखादं झाड, एवढी तयारी.

पायरी ७: अहवाल, लगेच

कार्यक्रम संपल्यापासून तीन दिवसांत एक पान. तारीख, विषय, वक्ता, उपस्थिती (मोजलेली, अंदाजाने ‘सुमारे २००’ नव्हे), खर्च आणि काय चुकलं. शेवटचा रकाना फक्त शाखेच्या फाइलसाठी, पण तोच सर्वांत उपयोगी. मूळ संस्थेला अहवाल पाठवताना दोनच फोटो जोडा, त्यातला एक प्रयोगाचा. व्यासपीठावर नऊ जण रांगेत उभे असलेला फोटो संपादक छापत नाही. शाळकरी मुलांचे चेहरे ओळखू येत असतील तर शाळेची लेखी परवानगी आधी घ्या.

पायरी ८: हस्तांतर

निवडणूक घटनेत लिहिलेल्या मुदतीतच घ्या. ‘चालू द्या, सरच चांगलं करतात’ असं म्हणून तीच व्यक्ती तिसऱ्यांदा सचिव झाली की समजा, तिच्या बदलीबरोबर शाखाही जाणार. शक्यतो सचिव आणि खजिनदार एकाच वर्षी बदलू नका.

सुपूर्द करायच्या वस्तूंची यादी दोन प्रतींत करा: घटना आणि मान्यतापत्र, सभासद वही, इतिवृत्त पुस्तक, कीर्द, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं (शेवटच्या पावतीचा क्रमांक लिहून), चेकबुक, व्हाउचर फाइल, शिक्का, ईमेल खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक, वक्त्यांची यादी, प्रयोगाच्या साहित्याची पेटी. ईमेल शाखेच्या नावाने असावा. जुन्या सचिवाच्या वैयक्तिक ईमेलवर अडकलेली पत्रं पुन्हा मिळत नाहीत.

मग सही बदलण्याचा ठराव घेऊन जुने आणि नवे सचिव एकत्र बँकेत जा. पत्र शिपायाबरोबर पाठवून भागत नाही, बँक नमुना सही मागते. शनिवार गाठायचा तर दुसरा आणि चौथा सोडून, कारण त्या दिवशी बँक बंद असते. नव्या सहीचा पहिला चेक वटल्याचा मेसेज मोबाइलवर येईपर्यंत जुन्या सचिवाला आभाराचं पत्र देऊ नका.